शीट म्हणजे शीड नव्हे

कपाळावरचं टेंगूळ अजून उतरलेलं नाही. मुलीकडे साउदम्प्टनला आलोय. तिच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी रविवारी मला आपल्या शिडाच्या होडीतून सॉलेंटमध्ये, म्हणजे इथल्या किनाऱ्यालगतच्या सामुद्रधुनीत फिरवलं. "बाबा मालवणचे आहेत," असं कार्टीने कौतुकाने सांगून ठेवलं होतं. आहे मी मालवणचा, पण सिंधुदुर्गाची फेरी सोडली तर समुद्र किनाऱ्यावरूनच पाहिलेला.

"शीट ओढा!" गृहस्थ ओरडले. शीट म्हणजे शीडच असणार, म्हणून मी त्या भल्यामोठ्या कापडाला मिठी मारली.

"ते सेल! शीट म्हणजे ती दोरी!"

दोरीला 'रोप' म्हटलं, तर ते आणखीनच दुखावले. शीड वर चढवते ती हॅलयार्ड, शीड आवरते ती शीट. नुसता रोप म्हणे दुकानात मिळतो. डावीकडलं 'लेफ्ट' नव्हे, पोर्ट; उजवीकडलं स्टारबोर्ड. पोर्टला पूर्वी लारबोर्ड म्हणत, पण आरडाओरड्यात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखंच ऐकू येई, म्हणून 1844 मध्ये ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या कचेरीने, हुकूम काढून लारबोर्ड बंद केलं. म्हणजे यांचा गोंधळ उडाला की परिपत्रक निघतं, आणि माझा उडाला की डोळे वटारतात!

तेवढ्यात "ली-हो!" अशी आरोळी आली. मला "लिहा" ऐकू आलं. तीस वर्षं कचेरीत हाच हुकूम ऐकलाय. हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. ती होडी वळवतानाची हाळी होती. होडी वळली, शिडाखालचा आडवा दांडा सणसणत आला आणि थेट कपाळावर बसला.

"हेड... हेड..." मी कण्हलो.

"खाली जा, पोर्टला दार आहे," ते म्हणाले.

होडीवर हेड म्हणजे संडास. जुन्या जहाजांवर खलाशांची ती सोय अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे जहाजाच्या डोक्याशी असे. मी कपाळ दाबून बसलेलो असताना हे त्यांनी सविस्तर सांगितलं. मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, हे सांगायचं राहिलं ते बरंच झालं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, खलाशांचे म्होरके आमचे सारंग, तांडेल तुमच्या डिक्शनरीत जाऊन बसलेत. रत्नागिरीचे खलाशी तुमच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या राबले. तुमच्या आरमाराची ट्रिंकोमाली ही युद्धनौका 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधली, ती अजून हार्टलपूलला तरंगतेय. लाकूड आमचं, घाम आमचा, आणि एक शब्द चुकला की हसायचं तुम्ही?

"तरंगतेय ना?" ते शांतपणे म्हणाले, "तिची शीट तुमच्या हातात दिली नसेल."

घरी सोडताना मुलीला म्हणाले, "बाय अँड लार्ज, वडील चांगले आहेत तुझे." एवढ्यावर जातील तर शपथ. हाही जहाजाचाच शब्द निघाला! 'बाय' म्हणजे वाऱ्याला जमेल तेवढं तोंड देत जाणं, 'लार्ज' म्हणजे वारा पाठीशी घेऊन जाणं. दारातच हातवारे करून त्यांनी दोन्ही वारे दाखवले, आधी पोर्टकडून, मग स्टारबोर्डकडून. मी कपाळाला गोठवलेल्या मटारची पिशवी लावून उभा. रात्री त्याच मटारची उसळ झाली.