डावा हात, उजवा हात

अत्तर म्हणजे हिना, केवडा, खस, गुलाब. फार झालं तर मोगरा. एवढ्यावर आमच्या बेळगावात पिढ्यान्पिढ्या लग्नं लागली. पण पुण्याच्या मावसभावानं मला अंजिराचा नाद लावला. तोही पिकल्या नव्हे, हिरव्या. पान, देठ, चीक, साल, म्हणजे फळ सोडून सगळं.

या वेडाचं मूळ फ्रान्समध्ये. ऑलिव्हिया जाकोबेत्ती या बाईंनी १९९४ साली 'प्रमिए फिगिए' हे अंजिराचं अत्तर केलं आणि १९९६ साली दिप्तिक या अत्तरांच्या कंपनीसाठी 'फिलोसिकोस'. या दुसऱ्याची मोठी बाटली पाच आकड्यांत जाते. तेवढ्यात आमच्याकडे जुनी स्कूटर येते, आणि तिचाही वास दिवसभर टिकतो. म्हणून भावानं स्वतःच्या बाटलीतलं ५ मिली काढून पाठवलं, आणि मी त्याच्या जोडीला हजाराच्या आतलं एक 'अगदी तस्संच' मागवलं. डाव्या मनगटावर फ्रान्स, उजव्यावर काटकसर.

आपल्या एकट्याच्या नाकावर कसा विश्वास ठेवायचा? बायकोपुढे दोन्ही हात केले.

"झाडं छाटून आलाय काय?" हे डाव्याला. उजव्याला, "ह्याला खोबऱ्याचा वास मारतोय की."

बाईसाहेबांनी नेमकं दुखणं पकडलं. अंजिराच्या पानाचा अर्क कातडीला बाधतो, म्हणून सुगंधात तो वापरायला मनाई आहे. मग हिरवेपणा 'स्टेमोन' नावाच्या रसायनातून आणायचा आणि चिकाचा दुधाळपणा 'लॅक्टोन' नावाच्या रसायनांतून. लॅक्टोनांचा हात सैल सुटला की अंजिराचा नारळ होतो. डाव्यात तो तोल असा सांभाळलाय, की आधी पान चुरगळल्याचा भास, मग दूध, मग कोरडं लाकूड. उजव्यात पान कसंबसं हजेरी लावतं आणि थेट ओल्या खोबऱ्याची वडी.

शेजारच्या अक्का मात्र उजवा हात सोडेचनात. "छलो ऐति री!" म्हणजे कानडीत, छान आहे हो! मी फुशारलो. तर म्हणाल्या, "ह्यानं झुरळं जातात काय हो?"

जूनच्या पावसात तसाच खानापूरच्या बसमध्ये चढलो. डाव्याची झेप तोवर मनगटापुरती उरली होती. नाक टेकवल्याशिवाय पत्ता लागेना. शेजारचा पोरगा माझ्याकडे संशयानं बघायला लागला. उजवा अजून ठणठणीत. तेवढ्यात एक मावशी पिकलेल्या फणसाची पाटी घेऊन चढल्या आणि स्पर्धाच संपली. फणसापुढे काय फ्रान्स!

तरी निकाल देतोच. हुंगायला डावा, लावायला उजवा. ऑफिस, बस, लग्नाची पंगत, सगळीकडे स्वस्तातलं चालतं. लोकांना फरक कळत नाही. पाच आकडी वास फक्त स्वतःसाठी असतो, आणि त्याला ५ मिली रग्गड झाले. आता पैसे वाचले म्हणून बायकोला हे सांगत होतो, तर दारात कुरिअरवाला.

"आता हे कुठल्या झाडाचं?" ती म्हणाली.

टोमॅटोच्या पानाचं होतं.