नववं वचन पाठ आहे, मग आठवं कुणी वाचायचं?

लग्नसराई जवळ आली की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. चर्चला येताना स्लीव्हलेस नको, लेगिंग नको, जीन्स तर नकोच नको, केस मोकळे नकोत, लिपस्टिक कशाला, आणि खाली बायकांनी साधेपणानं राहावं असं सांगणारं बायबलमधलं वचन, १ तीमथ्य २:९, आणि हात जोडलेला इमोजी. टाकणारे बहुतेक कुणीतरी काका असतात, खाली आमेन आमेन म्हणणारेपण काकाच, आणि मेसेज सगळाच्या सगळा बायकांसाठी. पुरुषांसाठी एक ओळ नाही. अर्धी उपासना मोबाईलवर स्कोअर बघणाऱ्यांसाठी नाही, बुलेटचा सायलेन्सर वाजवत गेटातून आत येणाऱ्या पोरांसाठी तर नाहीच.

मी मिरजेची, लहानपणापासून चर्चमध्येच वाढलेली, त्यामुळं आधीच सांगते की देवाच्या घरी कसंही यावं असं माझं म्हणणं नाही. शालीनता मलाही आवडते, माझ्या पोरींना मीपण टोकते. पण वचन दाखवायचं तर निम्मं झाकून कशाला दाखवता?

त्या नवव्या वचनाच्या बरोबर वर आठवं वचन आहे. त्यात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल पुरुषांना सांगतोय की प्रार्थनेला हात वर कराल ते राग आणि भांडण सोडून करा. आणि लगेच पुढं, तसंच बायकांनीही, असं करून तो कपड्यावर येतो. एकाच दमात बोललाय माणूस. आता वार्षिक सभेला ज्यांनी हजेरी लावलीय त्यांना मी वेगळं काय सांगू, माईकची ओढाओढ बघितलीय, हिशोबाच्या वहीवरून आयमाय निघालेली ऐकलीय, जमिनीच्या वादात कोर्टाच्या तारखा चालू असलेले सख्खे भाऊ एकाच रांगेत प्रभुभोजन घेताना बघितलेत. त्यांच्यासाठी आठव्या वचनाचा मेसेज कुणी बनवला नाही अजून.

येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या पत्राचंही तेच. १ पेत्र ३ मधली तिसरी-चौथी ओळ, केस गुंफणं, सोन्याचे दागिने, भारी कपडे ही तुमची शोभा नसावी, सौम्य आणि शांत आत्मा असावा, ही महिला मंडळात लहान पोरींकडून पाठ करून घेतात. त्याच अध्यायात चार ओळी खाली सातवं वचन नवऱ्यांना आहे, बायकोला मान द्या नाहीतर तुमच्या प्रार्थनेत अडथळा येईल. हे पाठ म्हणून दाखवणारा एकतरी बाप्या दाखवा, मी स्वतःच्या हातानं पुरणपोळी करून घालते.

आता मूळ मुद्दा. पौल आणि पेत्र कुणाला बोलत होते? पौलानं ज्याला पत्र लिहिलं तो तीमथ्य होता इफिसात. इफिस म्हणजे बंदराचं, व्यापाराचं, पैशाचं शहर, अर्तमी देवीच्या देवळाचं शहर. तिथल्या श्रीमंत घरच्या बायका केस गुंफायच्या म्हणजे आपण शाळेत जाताना दोन वेण्या घालायचो तसलं नव्हे, थरावर थर चढवून, सोनं-मोती माळून केलेली रचना, आणि ती करायला दासी लागायच्या, तासन् तास. आणि मंडळी जमली की ती दासीपण तिथंच बसलेली असायची, कारण पहिल्या मंडळ्यांत गुलाम भरपूर होते, पेत्र दुसऱ्या अध्यायात गुलामांशी बोलतो आणि लगेच तिसऱ्यात बायकांशी. म्हणजे जिनं सकाळपासून उभं राहून मालकिणीचे केस बांधले ती आणि मालकीण एकाच देवापुढं बसणार, आणि मालकीण डोक्यावर दासीच्या सात जन्माची कमाई मिरवणार. पौलाला खटकलं ते हे. बाहीची लांबी त्यानं कुठं मोजलेली नाही. त्यानं किंमत मोजली, सोनं, मोती, महागडे कपडे, असं सरळ म्हणलंय.

याकोब तर त्याच्या पत्रात अजून उघड बोलतो, दुसऱ्या अध्यायात. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्याचा आला की तू तिकडं उभा राहा. आपल्याकडं लग्नात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर कोण बसतं आणि मागं पंख्याखाली जागा कुणाला मिळत नाही हे बघा म्हणजे झालं. आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात पैंजण, नथ, कर्णफुलं, आरसे अशी लांबच लांब यादी देऊन सीयोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, बायकांना झाडलंय ते प्रवचनात खूपदा ऐकलं, पण त्या यादीच्या आधीच देव पुढाऱ्यांना विचारतो की गरिबांची लूट तुमच्या घरात आहे, त्यांना तुम्ही का भरडता. ते वाचायची वेळ आली की घड्याळ दिसतं.

बायबलला सोन्याचंच वावडं आहे म्हणावं तर तसंही नाही. उत्पत्ती २४ मध्ये रिबकेला विहिरीवर अब्राहामाचा चाकर भेटतो, ती त्याला पाणी देते, त्याच्या दहा उंटांना पाणी काढते (उंट किती पितो माहितीय का, नुसता विचार करा त्या पोरीच्या खांद्यांचा), आणि तो तिला सोन्याची नथ आणि दोन बांगड्या देतो, बांगड्या दहा शेकेलच्या, आजच्या हिशोबात दहा-अकरा तोळे. तोळा लाखाच्या वर गेलाय, करा गुणाकार. आणि त्याच अध्यायात ती दिसायला फार सुंदर होती हेपण लिहिलंय, न लाजता लिहिलंय. येशूच्या गोष्टीतला उधळा पोरगा परत आला तेव्हा बापानं त्याच्या बोटात अंगठी घातली. यशयाच्याच एकसष्टाव्या अध्यायात देवानं दिलेला आनंद सांगायला दागिने घातलेली नवरी आणलीय. नटणं हे पाप असतं तर नवरीचं उदाहरण दिलं नसतं.

आणि आपल्याकडं ही गोष्ट अजून वेगळी आहे. आपण मराठी ख्रिस्ती, सांगली-साताऱ्याकडचे बरेचसे लोक, कुठल्या वस्तीतून आलो ते आपल्याला माहिती आहे, बोलत नाही एवढंच. आपल्या पणज्यांना चांगलं लुगडं नेसायची, सोनं घालायची चोरी होती. डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले तेव्हा त्यांनी हेच सांगितलं होतं की त्या गळसऱ्या, त्या कोपरभर कथलाच्या गोठपाटल्या ही तुम्हाला ओळखायची खूण झालीय, ती टाका, लुगडं पांढरपेशा बायकांसारखं नेसा, स्वच्छ राहा. ते ख्रिस्ती लोकांना बोलत नव्हते, पण आमच्या घरातल्या जुन्या बायका रविवारी कडक इस्त्रीचं पातळ नेसून, पदर नीट पिन करून चर्चला का जायच्या ते मला त्या भाषणानं समजलं. मिरवणं नव्हतं ते. सहा दिवस दुसऱ्याच्या बांधावर वाकलेली बाई सातव्या दिवशी ताठ चालायची. तिला उठून कुणी म्हणावं की बाहेरच्या शोभेत काही नाही गं, तर त्याला मी काय म्हणू!

म्हणून एक प्रसंग डोक्यातून जात नाही. तासगावकडून आलेली एक नवीन बाई, कुणाच्या तरी साक्षीनं प्रार्थनेला यायला लागलेली, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, पायात जोडवी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उपासना संपल्यावर बाहेर चहाचा कप तिच्या हातात द्यायच्या आधी आमच्यातल्या एका मोठ्या बाईनं ओल्या रुमालाची घडी तिच्यापुढं धरली, म्हणाली आता हे पुसायचं बरं का वहिनी. ती बाई बावरली, हसली, रुमाल घेतला, पुसलं, आणि पुसताना कपाळावर लाल फराटा तसाच राहिला. सांगणाऱ्या बाईच्या हातात सहा तोळ्याच्या पाटल्या होत्या. पुढच्या रविवारी ती आली नाही. मग कधीच आली नाही.

कुंकवाची दुसरी बाजूपण आहे आणि ती मी प्रामाणिकपणे सांगते. आमच्या सभेत विधवा कोण आणि सवाष्ण कोण हे कपाळावरून कळत नाही. ज्या मुलखात ब्राह्मण घरांत नवरा गेला की बाईचे केस काढायचे, तिथं पंडिता रमाबाईंनी १८८९ ला विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ह्या कामाची किंमत ज्यांच्या घरात विधवा पोरगी होती त्यांना कळली असेल. रमाबाई स्वतः पांढऱ्या साध्या साडीत राहिल्या. पण तो साधेपणा त्यांनी स्वतः निवडलेला, कुणी रुमाल पुढं धरला नव्हता. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ ला मिशनचा पगार सोडून साताऱ्याला देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तोपण स्वतःच्याच मनानं. साधेपणा असाच असतो, ज्याचा त्यानं घ्यायचा.

माझी आई मिशन हॉस्पिटलला नर्स. डॉ. वानलेस साहेबांनी १८९४ ला काढलेलं हॉस्पिटल, त्या काळात मिरजेतल्या निम्म्या ख्रिस्ती घरातली कुणी ना कुणी तिथं कामाला. ड्युटीला निघताना आई बांगड्या काढायची, रुमालाच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचायची, नखं तर कायम बोटाच्या आत. विचारलं तर म्हणायची पेशंटला ओरखडा उठतो आणि बांगडीखाली घाण बसते. आणि ड्युटी सुटली की स्टेशन रोडला गजरा घेऊन, रुमालाची गाठ सोडून, सगळ्या बांगड्या परत घालून घरी यायची, खुळखुळ करत. मला शालीनतेवर प्रवचन द्यायला सांगितलं तर मी एवढंच सांगेन आणि खाली बसेन.

नजरेचं एक राहिलं. पोरींच्या कपड्यामुळं पोरांचं मन विचलित होतं हे कारण कायम पुढं करतात. येशूनं ह्याच विषयावर मत्तय ५ मध्ये बोलून ठेवलंय आणि तिथं त्यानं बाईला पदर घे म्हणलं नाही. तुझा डोळा तुला पापात पाडत असेल तर तो उपट म्हणला. डोळा ज्याचा जबाबदारी त्याची. एवढं स्पष्ट असताना संडे स्कूलच्या बारा वर्षाच्या पोरीला फ्रॉकवरून बोलायचं आणि टक लावून बघणाऱ्याला मंडळीचा पंच म्हणून निवडायचं, हे काय आहे?

आणि आंतरिक सौंदर्य म्हणाल तर हा शब्द आपण कुणासाठी वापरतो बघा. गोऱ्या पोरीला कुणी सांगत नाही की बाई, मनाचं सौंदर्य महत्त्वाचं. ते सावळीला सांगतात, जाडीला सांगतात, जिचं लग्न जमेना तिला सांगतात, शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवावा तसं. पुलपिटवरून शमुवेलाची गोष्ट, माणूस बाहेरचं बघतो पण परमेश्वर हृदय बघतो, आणि खाली उतरून पोराच्या बायोडेटात अपेक्षा काय तर विश्वासी, प्रार्थनाशील, गोरी, उंच. फेअर अँड लव्हलीचंसुद्धा २०२० ला नाव बदललं, आमच्या बायोडेटातला गोरी शब्द काही हलेना. आणि लग्नात खर्च बघाल तर ड्रोन, प्री-वेडिंग शूट, हळदीला वेगळा ड्रेसकोड, सांगलीच्या सराफ कट्ट्यावर उधारी, आणि मग त्याच मंडपात पाळकसाहेब नवरीला पेत्राचं वचन वाचून दाखवणार. तिला ऐकायलापण येत नसतं बँडपुढं.

तर लग्नसराईपुरतं माझं म्हणणं साधं आहे. मेसेज बनवायचाच असेल तर खर्चावर बनवा. मंडळीत ज्यांची ऐपत आहे त्यांनी हात आखडता घ्यावा, म्हणजे ज्यांची नाही त्यांना त्यांच्या बरोबरीनं कर्ज काढावं लागणार नाही, पौलाचं म्हणणं हेच होतं असं माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो. आठवं वचन वर लिहा, नववं खाली. बाह्यांचं ज्याच्या त्याच्या आईवर सोडा.

माझ्या भाचीचा बायोडेटा सध्या फिरतोय. रंगाच्या रकान्यात गव्हाळ लिहू म्हणून तिची आई मागं लागली होती, पोरीनं स्वतःच सावळी लिहिलं. एका स्थळाकडून फोन आला, ताई, सावळी म्हणजे नक्की किती? मी म्हणलं गीतरत्न पहिला अध्याय पाचवं वचन काढा, मी काळी आहे पण सुंदर आहे असं तिथं लिहिलंय, आणि फोन ठेवला. फोटो काढायला तिला फोटोग्राफरकडं घेऊन गेले तर तो म्हणाला दोन शेड उजळ करून देतो. ती म्हणाली अजिबात नको, आणि पर्समधून लिपस्टिक काढून लावली, चांगली गडद मरून.

काय सुंदर दिसते म्हणून सांगू पोरगी.