खमंग काकडी आणि लेबलवाल्या आजी

पातेल्यावरचं लेबल निघत नाहीये. गरम पाणी झालं, खोबरेल तेल झालं, सुरीचं टोक झालं. 'स्पायसी' ठाण मांडून बसलंय.

मिनेसोटात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर लुथरन चर्च आहे. उन्हाळ्यात त्यांची रविवारची प्रार्थना हिरवळीवर होते, मग पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणून केलेली पंगत. शेजारणीनं आग्रहानं बोलावलं. कुणी काय आणायचं ते आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरलेलं. आम्ही जोशी, म्हणजे सॅलड.

आता इथलं सॅलड म्हणजे काय, तर लाल जेलीत अडकलेलं किसलेलं गाजर. किंवा सफरचंद, स्निकर्सचे तुकडे आणि वर फेटलेलं क्रीम. यात खमंग काकडी सहज खपून जाईल, असं मला वाटलं. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, तुपाची फोडणी. मिरची एकच, तीही बिया काढून. आमच्या सासूबाईंनी असली काकडी 'आजाऱ्याची' म्हणून परत पाठवली असती.

प्रार्थना छान झाली. खुर्च्या ज्यानं त्यानं घरून आणायच्या, तरीही सगळ्यांनी मागचीच रांग धरली. पुढे नुसती हिरवळ आणि डास. पास्टरबाई म्हणाल्या, जरा पुढे या. सगळे गोड हसले. हललं कुणी नाही.

मग टेबलापाशी त्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, पांढरेशुभ्र बूट, गळ्यात चष्मा आणि हातात लेबल छापायचं यंत्र. पोलिसाच्या हातात दंडुका असावा तसं. पातेल्याचं झाकण त्यांनी दोन बोटांनी उचललं.

"ओह! हे काय गं?"

"काकडीचं सॅलड."

"यात हिरवं काय आहे?"

"काकडी."

"नाही, ते दुसरं हिरवं."

"कोथिंबीर."

"आणि ते तिसरं?"

मी कबूल केलं. कर्र कर्र... 'स्पायसी'. मी म्हटलं, अहो, मुळीच तिखट नाही. "शुअर, शुअर," म्हणत त्यांनी लेबल अंगठ्यानं आणखी घट्ट दाबलं. मग मलाच प्रामाणिकपणाची उबळ आली. म्हटलं, खरं सांगायचं तर यात शेंगदाणे आहेत, ते लिहा, कुणाला ॲलर्जी असेल. "उफ्दा!" म्हणजे इथलं 'अगंबाई!' पुन्हा कर्र कर्र. दोन लेबलं झाल्यावर पातेलं सॅलडच्या रांगेतून उठलं आणि टेबलाच्या पार टोकाला गेलं, डासांच्या स्प्रेशेजारी.

शेवटी त्यांनी स्वतः एक घास घेतला. अर्धा चमचा. बराच वेळ चावला. "वेल, दॅट्स डिफरंट."

आपल्याकडे नवीन सुनेच्या आमटीला 'वेगळीच झालीय हो' म्हणतात ना, तेच हे.

एक सांगते. या लुथरन लोकांचे दोन मिशनरी 1706 सालीच जहाजातून तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरले. एकानं तिथे राहून बायबलचा नवा करार तमिळमध्ये आणला. तिथला रसम न भुरकता आणला असेल? तीनशे वर्षांपूर्वी ज्यांना झेपलं, त्यांच्याच पंथाला आज अर्धी मिरची झेपेना. आणि तक्रार तरी कुणाकडे करायची? सगळे इतके चांगले वागतात की भांडायला जागाच सोडत नाहीत. अकरा वर्षं राहतेय इथे. त्यांचं मश्रूम सूप घालून ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश दर वेळी दोनदा वाढून घेते, 'यम' म्हणते. त्यावर 'अळणी' असं लेबल मी कधी लावलं का?

निघताना पातेलं जसंच्या तसं, मधोमध आजींच्या अर्ध्या चमच्याचा खड्डा. शेजारी कुठल्याशा बार्सचा, म्हणजे इथल्या गोड वड्यांचा, शेवटचा तुकडा होता. शेवटचा घेणं असभ्य, म्हणून येणारा प्रत्येक जण त्यातला अर्धाच कापून नेत होता. नखाएवढा उरला तरी चालू. माझ्या काकडीकडे मात्र असभ्य व्हायलाही कुणी फिरकलं नाही.

काल रात्री त्याच पातेल्यात साधं वरण केलं. हिंग, हळद, मीठ, बस. लेकानं ताट पुढे केलं, पातेल्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"आई, खूप तिखट आहे का?"