किम जी-सू फ्लॉप नाहीये, त्या फिरणाऱ्या पोस्टमधल्या एकेका मुद्द्याचं उत्तर

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, फुटबॉल बघणाऱ्या बहुतेकांकडे पोचली असेल. मजकूर साधारण असा: किम जी-सू (दक्षिण कोरियाचा सेंटर-बॅक, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध खेळणारा) हा प्रीमियर लीगमधला सगळ्यात मोठा कोरियन फ्लॉप, लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने त्याला कोरियात जर्सी विकायला घेतला, कोरियात पण तो अंडर-२२ नियमामुळेच खेळला होता, इंग्लंडमध्ये दोन वर्षं बेंचवर बसला, मग जर्मनीच्या सेकंड डिव्हिजनला फेकला, तिथेच थांबला असता तर आज दुसरा किम मिन-जे (कोरियाचा नावाजलेला डिफेंडर) झाला असता, आणि आता मिलिटरीत जावं लागेल म्हणजे विषय संपला. लोक हे वाचून "खरंय भाऊ" म्हणून पुढे ढकलतायत. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जर्सीचं. जून २०२३ मध्ये ब्रेंटफर्डने त्याला कोरियातल्या सॉन्गनाम एफसीकडून घेतलं तेव्हा तो १८ वर्षांचा होता, आणि घेतला तो थेट बी टीमसाठी. जर्सी विकायला आणलेल्या खेळाडूला कोणी बी टीममध्ये ठेवतं का? तिथल्या मॅच बघायला फार कोणी नसतं. बरं ब्रेंटफर्डची ही पद्धत जुनी आहे, २०१६ मध्ये त्यांनी अकॅडमी बंद करून बी टीम काढली, १७ ते २१ वयातली, दुसरीकडे दुर्लक्षित राहिलेली पोरं घ्यायची, घडवायची आणि मग एकतर वर खेळवायची नाहीतर विकायची. क्रिस मेफम हा त्याच बी टीममधून वर आलेला डिफेंडर, २०१९ मध्ये बोर्नमथने चांगली किंमत मोजून घेतला. यारमोल्युक २०२२ मध्ये युक्रेनमधून बी टीममध्येच आला होता आणि २०२४-२५ पर्यंत मेन टीमच्या मिडफिल्डमध्ये नेहमी दिसायला लागला. जी-सूला पण २०२४ च्या उन्हाळ्यात मेन टीममध्ये घेतलं. यात मार्केटिंग कुठे आलं?

आता अंडर-२२ नियम. नियम होता हे खरं, के लीगमध्ये (कोरियाच्या लीगमध्ये) तेव्हा टीममध्ये २२ वर्षांखालचे खेळाडू घ्यावे लागायचे, नाहीतर सब्स्टिट्यूशन कमी मिळायची. पण कोच लोक तो कसा वापरायचे ते बघा, एखादं पोरगं विंगवर उतरवायचं आणि वीस-पंचवीस मिनिटांत काढून अनुभवी माणूस आणायचा, हे तिथे सर्रास चालायचं. सेंटर-बॅकला हे करता येत नाही. तिथे एक चूक झाली की थेट गोल, म्हणून तिथे कोच नियमासाठी नाही, विश्वासावर खेळाडू उतरवतो. जी-सू २०२२ मध्ये सॉन्गनामसाठी खेळायला लागला तेव्हा १७ वर्षांचा होता, शाळेत शिकत होता, आणि टीम टेबलच्या तळाला धडपडत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये टॉटनहॅम सोलला आली तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या के लीगच्या निवडक टीममध्ये पण त्याचं नाव होतं. पुढच्या वर्षी अर्जेंटिनातला अंडर-२० वर्ल्ड कप, कोरियाने ग्रुपमध्ये फ्रान्सला २-१ हरवलं, क्वार्टर फायनलमध्ये नायजेरियाला एक्स्ट्रा टाइममध्ये १-० आणि चौथे आले, आणि डिफेन्सच्या मधोमध हाच होता. त्या निवडीत के लीगचा नियम नव्हता ना.

मुख्य आरोप बेंचचा, त्यावर जरा जास्त बोलायला लागेल. मिनिटं कमी मिळाली हे मान्य, माझ्या मते जानेवारी २०२४ मध्येच लोनवर (करार तोच ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला) पाठवायला पाहिजे होता, त्याचं वर्ष थोडं वाया गेलं. पण यावरून फ्लॉप म्हणणारे सेंटर-बॅक घडायला किती वेळ लागतो हेच विसरतात. २७ डिसेंबर २०२४ ला ब्रायटनविरुद्ध (आपल्याकडे तेव्हा २८ तारीख लागलेली, मध्यरात्र उलटून गेलेली) तो प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला, विसावा वाढदिवस होऊन फक्त तीन दिवस झाले होते, मॅच ०-० सुटली. प्रीमियर लीग खेळलेला सगळ्यात तरुण कोरियन तो, आधी हा मान जी डोंग-वॉनकडे होता. आणि प्रीमियर लीगमध्ये खेळलेला पहिला कोरियन सेंटर-बॅक पण तोच, याआधी डिफेंडर म्हणून ली यंग-प्यो वगैरे गेले ते फुलबॅक, म्हणजे कडेला खेळणारे होते.

त्या दिवशी तो कोणाच्या जागी आला? बेन मीच्या. आता बेन मीचंच बघा, मँचेस्टर सिटीच्या अकॅडमीतला पोरगा, त्याची प्रीमियर लीगमधली पहिली मॅच २०१४ मध्ये, बर्नलीकडून, वय २४. त्याच टीममधला ईथन पिनॉक डलिच हॅम्लेटकडून नॉन-लीग खेळत वर आला, प्रीमियर लीगमध्ये पोचला तेव्हा २८ चा होता. सेप व्हान डेन बर्ग तर अगदी जवळचं उदाहरण आहे, १७ व्या वर्षी मोठं नाव होऊन लिव्हरपूलला आला, लीगची एक मॅच खेळायला मिळाली नाही, फक्त कप, मग प्रेस्टन, शाल्के, माइन्झ असं लोनवर फिरला आणि शेवटी ब्रेंटफर्डने त्याच्यासाठी बक्कळ पैसे मोजले. म्हणजे जी-सू ज्या ड्रेसिंग रूममध्ये बसायचा तिथे आजूबाजूला असे उशिरा पिकलेले डिफेंडर होते, आणि आपण विशीतल्या पोराचा निकाल लावून मोकळे. वर त्या सीझनला नेथन कॉलिन्स लीगच्या सगळ्याच्या सगळ्या ३८ मॅच खेळला, एक जागा तर तिथेच गेली.

"फेकला" हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तो काइझर्सलाउटर्नला लोनवर गेला, विकला नाही, ब्रेंटफर्डशी करार २०२७ पर्यंतचा होता. आणि काइझर्सलाउटर्न म्हणजे काही आडगावची टीम नाही, चार वेळा जर्मनीचे चॅम्पियन, १९९८ मध्ये तर सेकंड डिव्हिजनमधून वर आल्या आल्या पहिल्याच सीझनला बुंडेसलिगा (जर्मनीची टॉप लीग) जिंकलेले, आज दुसऱ्या लेव्हलला असले तरी स्टेडियम खच्चून भरतं. कोरियन खेळाडूंना ही लीग नवीन नाही. ली जे-सुंग २०१८ मध्ये कोरियातला जॉनबुक क्लब सोडून होल्श्टाइन कीलला गेला, ती पण सेकंड डिव्हिजनच, आणि २०२१ मध्ये तिथून माइन्झला, म्हणजे बुंडेसलिगात. तेव्हा पण लोक म्हणालेच असतील की खाली गेला. तरुण डिफेंडरला दर आठवड्याला दांडगे स्ट्रायकर अंगावर घ्यायला मिळणं हे लंडनच्या बेंचपेक्षा कधीही बरं.

किम मिन-जेचा दाखला तर उलटा दिलाय. मिन-जे कोरियात थांबून मोठा झाला असं पोस्ट लिहिणाऱ्याला वाटतं. तो युनिव्हर्सिटी सोडून आधी ग्योंगजूच्या एका कंपनी टीममध्ये खेळला, तिसऱ्या लेव्हलला, मग २०१७ मध्ये जॉनबुक, २०१९ मध्ये बीजिंग (तेव्हा चीनला गेला म्हणून त्याला कमी बोलले नव्हते), २४ व्या वर्षी फेनरबाचे, २५ व्या वर्षी नेपोली, तिथे लगेच लीग जिंकली आणि सेरी आचा (इटलीच्या टॉप लीगचा) बेस्ट डिफेंडर ठरला, मग बायर्न. विसाव्या वर्षी तो जॉनबुकमध्ये पहिला सीझन खेळत होता, युरोपात नाव पण कोणाला माहीत नव्हतं. आणि जी-सू थांबला असता म्हणजे नक्की कुठे? सॉन्गनाम २०२२ मध्ये रेलिगेट होऊन खालच्या डिव्हिजनला गेली होती, तो के लीग २ मध्ये खेळत होता.

राहिलं मिलिटरी. कोरियात पुरुषांना सर्व्हिस सक्तीची आहे, आर्मीत साधारण १८ महिने, आणि खेळाडूंच्या डोक्यावर ती टांगती असतेच, हे काही छोटं नाही. पण ऑलिंपिक मेडल किंवा एशियन गेम्सचं गोल्ड मिळालं की सूट मिळते, मग तीन-चार आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग आणि ५४४ तास समाजसेवा एवढंच उरतं. सॉन ह्युंग-मिन आणि मिन-जे दोघांना ही सूट २०१८ च्या जकार्ताच्या गोल्डमुळे मिळाली, मिन-जेने आपलं ट्रेनिंग २०२३ मध्ये नेपोली आणि बायर्नच्या मधल्या सुट्टीत उरकलं. कोरियाने एशियन गेम्समध्ये २०१४, २०१८ आणि २०२३ (हांगझोऊ) असं सलग तीनदा पुरुष फुटबॉलचं गोल्ड घेतलंय. जी-सूचा जन्म २४ डिसेंबर २००४ चा, २०२६ च्या आइची-नागोया एशियन गेम्सच्या वयोमर्यादेत तो आरामात बसतो. आणि सूट नाहीच मिळाली तरी गिमचॉन सांगमू ही आर्मीची टीम के लीगमध्ये खेळते, सर्व्हिस तिथे करून परत आलेले कितीतरी खेळाडू पुढे नॅशनल टीमसाठी खेळलेत. तेव्हा पोस्ट पुढे पाठवायचीच असेल तर निदान "विषय संपला" एवढे शब्द तरी काढून पाठवा.