भरीत पार्टीतून हरित पार्टी

खान्देशात हरित पक्ष काढायचं मनात असेल तर आधी वांगी आणा. जळगावचीच हवीत, फिकट हिरवी, 2016 पासून भौगोलिक मानांकन मिरवणारी. थंडीत कुणाच्या तरी मळ्यात पऱ्हाट्या पेटवा, वांगी भाजा. धूर डोळ्यांत गेला की कुणीतरी म्हणणारच, "भाऊ, पहिल्यासारखी थंडी नही राहिनी आते." झाली पक्षाची स्थापना. धुराचा विषय मात्र तिथेच सोडा.

भाषणाला परदेशी दाखला लागतो, टास्मानियाचा द्या. ऑस्ट्रेलियाच्या त्या बेटावर पेडर नावाचं सरोवर वीजप्रकल्पात बुडणार होतं. त्याविरुद्ध मार्च 1972 मध्ये होबार्टला सभा झाली आणि 'युनायटेड टास्मानिया ग्रुप' उभा राहिला. जगातला पहिला हरित पक्ष म्हणतात तो हाच. पुढच्याच महिन्यात निवडणूक लढले, एकही जागा आली नाही, आणि सरोवर बुडालं ते बुडालंच. (हे शेवटचं सभेत गाळा.) बिचाऱ्यांचं चुकलं कुठे? त्यांनी थेट धरणाचं नाव घेतलं.

तुम्ही नावं घेऊ नका. वसुंधरा म्हणा, ओझोन तर बिनधास्त म्हणा, त्याचे डंपर आपल्या रस्त्याने जात नाहीत. गिरणेची वाळू मात्र म्हणू नका. ती उपसणारा आपल्याच भावकीतला निघतो आणि मंडपाचे पैसेही बऱ्याचदा त्याचेच असतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल हा शब्द टाळा. तिथे ज्याची बोअर जितकी खोल, तितकी त्याची खुर्ची पुढे. भुसावळला दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेबद्दल बोलावंच लागलं तर ती चुलीतली असल्यासारखं बोला. सरदार सरोवरात बुडालेल्या अक्कलकुवा-धडगावच्या गावांबद्दल मात्र खुशाल गरजा. दोष गुजरातला देता येतो आणि तिकडे आपला मतदार नाही.

कागदपत्रांचं फार नाही. स्थापनेपासून 30 दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज, 10,000 रुपये शुल्क, किमान 100 सदस्य. शंभर माणसं तर साखरपुड्यालाही जमतात. चिन्ह म्हणून मोर-वाघ मागू नका, आयोग आता प्राणी-पक्षी देत नाही. रोड रोलर आला तर निमूट घ्या; झाड पाडून झालेल्या रस्त्यावर तोच शोभतो. एकषष्ठांश मतं पडली नाहीत तर अनामत जाईल, जाऊ द्या, पण उभं राहायला विसरू नका. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढलेले 334 पक्ष आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये यादीतून काढून टाकले.

एकच जपा. कार्यकर्त्यांची सहल साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला नेऊ नका. तिथे लोकांनी पक्षबिक्ष न काढता उजाड डोंगरावर जंगल परत आणलं, त्या कामासाठी चैतराम पवारांना 2025 ची पद्मश्री मिळाली. ते कौतुक चालेल हो. पण तिथे झाड तोडलं की गावच दंड करतं, मग तोडणारा कुणी का असेना. हे ऐकून आलेलं एखादं पोरगं पुढच्या बैठकीत विचारेल, "आप्पा, आपण पहिली पावती कोन्हा नावनी फाडानी?"

त्या वेळी वाळूवाल्या दादांकडे बघू नका. कळण्याची भाकरी पोराच्या ताटात टाका आणि म्हणा, "भरीत आखो वाढू का?"