‘ही बाग आहे, ओढा नव्हे’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

ओढ्याच्या धर्तीवर रचलेल्या, मासे आणि पाणवनस्पती असलेल्या काचेच्या टाकीबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही लांबलचक आणि चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया लिहिलीत. दोन ओळींत वाटेला लावावी अशी ती नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा: खऱ्या ओढ्यात दगड, वाळू आणि शेवाळ असतं, एवढी हिरवळ नसते, पंप लावला म्हणून काचेच्या पेटीतलं पाणी वाहतं होत नाही, ते नुसतं गरगरतं, मागचे दगड मुद्दाम लहान ठेवून खोली दाखवणं ही फसवणूक, वेगवेगळ्या खंडांतली झाडं एकत्र लावणं आणि त्यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर जोडणं याला निसर्ग म्हणवत नाही, आणि माशांना सतत धारेत ठेवणं हा त्यांचा छळ. शेवटी एक खवचट प्रश्न: ते गोटे ओढ्यातूनच उचललेत ना?

हिरवळीबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. डोंगरउतारावरून येणाऱ्या, पावसात फुगणाऱ्या ओढ्याच्या मुख्य धारेत झाड टिकत नाही. पूर आला की तळाची खडी लोळते आणि मूळ धरून बसलेलं सगळं खरवडून नेते. पण सगळे ओढे पुराचे नसतात. ब्राझीलमध्ये बोनितोजवळची सुकुरी ही झऱ्यांवर पोसलेली छोटी नदी आहे. तिचे पाण्याखालचे फोटो पाहा, तळ गच्च हिरवा दिसेल. दक्षिण इंग्लंडमध्ये चॉकच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, खडकातून पाझरणाऱ्या पाण्याचे ओढे आहेत, त्यांत रॅननक्युलस या पाणवनस्पतीच्या लांब जुड्या धारेबरोबर आडव्या पसरलेल्या असतात. दोन्हीकडे कारण एकच. जमिनीत मुरून आलेलं पाणी स्वच्छ असतं, वर्षभर साधारण एका मापाने आणि एका तापमानाने येतं, त्यामुळे झाडाला रुजायला अवधी मिळतो. आणि पुराच्या ओढ्यातसुद्धा वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या दगडाच्या आडोशाला, काठच्या ओल्या पट्ट्यात हिरवळ असतेच. माझ्या टाकीत ती तिथेच आहे. मधला पट्टा उघडा गोट्यांचा आहे. फोटोत तो दिसत असूनही तुमच्या नजरेतून सुटला, याचं थोडं वाईट वाटलं.

आता पाण्याच्या गरगरण्याबद्दल. माझ्या मते तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच आहे, आणि बाकीचं खरंखोटं यावरच ठरतं.

पंपाचं तोंड वरच्या बाजूला एका टोकाला लावलं की पाणी पृष्ठभागालगत पलीकडच्या काचेपर्यंत जातं, आपटतं, खाली वळतं आणि तळाने परत येतं. म्हणजे वर डावीकडून उजवीकडे आणि तळाशी नेमकं उलटं! पुष्कळ जण वरची धार पाहून दगड मांडतात आणि मग मॉस या बारीक वनस्पतीचे शेंडे विरुद्ध दिशेला का झुकतात याचं कोडं त्यांना सुटत नाही. खात्री करायची तर माशांचं खाणं चुरून चिमूटभर तळाजवळ सोडा आणि कुठे जातं ते बघा. माझ्या टाकीत म्हणूनच पाइप वाळूखालून नेला आहे. उजव्या टोकाला स्पंजमधून पाणी ओढलं जातं, ते वाळूखालच्या पाइपातून डाव्या टोकाच्या पंपांकडे येतं आणि तिथून तळाच्या जरा वर बाहेर पडतं. परतीचा रस्ता वाळूखालून दिल्यामुळे वरचं बहुतेक पाणी एकाच दिशेला जातं. कोपऱ्यांत थोडं घुटमळतं, ते मान्य.

दिशा एकदा पक्की झाली की बाकीचं सगळं तिच्या हुकमाने लावायचं. ओढ्यातले चपटे गोटे कधी नीट बघा. ते सपाट पडलेले नसतात. प्रत्येकाची वरच्या अंगाची, म्हणजे पाणी येतं त्या बाजूची, कड खाली दबलेली असते आणि दुसरी कड उचलून पुढच्या गोट्यावर टेकलेली असते; कौलं एकावर एक चढवावीत तशी ओळ लागते. असा कललेला दगड पाण्याच्या दाबाने आणखी घट्ट बसतो. उलटा कलला तर धार त्याच्या पोटाखाली शिरून त्याला पालथा करते. त्यामुळे कोरडं पात्र पाहूनही पाणी कुठून कुठे गेलं ते जाणकार सांगतो. टाकीतले गोटे मी हाताने असे एकेक कलते लावले. पहिल्या नजरेत कुणाला ते कळत नाही, पण उलटे लावले असते तर काहीतरी खटकलं असतं, एवढं नक्की.

वाळूचंही तसंच. मोठ्या दगडाच्या पुढ्यात आणि दोन्ही बगलांना पाणी खाली घुसून वाळू उकरतं, तिथे जाड खडी उरते. दगडामागे धार मंदावते, तिथे बारीक वाळूची निमुळती शेपटी साठते. आपण टाकीत वाळू ओततो आणि हात फिरवून सारखी करतो. ओढ्यात तशी सपाट वाळू फार थोड्या जागी सापडते. लाकूड ठेवतानाही मुळांचा गड्डा पाणी येतं त्या बाजूला आणि शेंडा खाली, कारण वाहत आलेला ओंडका बहुधा जड बुंध्याने अडकतो आणि उरलेला भाग धारेबरोबर फिरतो. झाडं शेवटी. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला बांधलेले (त्यांचा जाड आडवा कंद वाळूत पुरला की कुजतो), मॉस धारेत, क्रिप्टोकोरिन वाळूच्या शेपटीत, आणि रोटालाचा झुपका उजव्या मागच्या कोपऱ्यात, जिथे काठ असल्याचा भास हवा आहे.

‘अमानोंची नक्कल’ असा शेराही तुम्ही जाता जाता मारला आहे. ताकाशी अमानो (1954–2015) यांचं ऋण या छंदात कोण नाकारेल? निसर्गचित्रण करणाऱ्या या छायाचित्रकाराने 1982 मध्ये एडीए (ॲक्वा डिझाइन अमानो) ही टाक्यांचं सामान बनवणारी कंपनी काढली आणि झाडांच्या टाकीकडे बघण्याची रीतच बदलली. पण त्या परंपरेतल्या पुष्कळ रचना पाहताना जमिनीवरचा देखावा आठवतो: डोंगर, कुरण, जंगलातली वाट. मला पाण्याखालचंच दृश्य पाण्याखालचं म्हणून दाखवायचं होतं. डोंगर नको होता.

लहान दगड मागे ठेवण्याला तुम्ही फसवणूक म्हणता. यात पहिली फसवणूक पाणी करतं. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, सुमारे 1.33 असल्यामुळे समोरून पाहताना टाकीची खोली तीन चतुर्थांशच भासते. माझी टाकी 90 × 45 × 45 सेंटीमीटरची आहे. पुढून मागे 45 सेंटीमीटर असलेलं अंतर डोळ्यांना जेमतेम 34 वाटतं. पुढे मोठे, मागे लहान असे दगड लावून मी पाण्याने गिळलेलं अंतर परत मिळवतो. थोडं व्याजही वसूल करतो, हे खरं.

वेगवेगळ्या खंडांबद्दल थोडक्यात. अनुबियास आफ्रिकेतलं, बुसेफॅलँड्रा फक्त बोर्निओतली, जावा फर्न आग्नेय आशियातला. एखाद्या ठरावीक ओढ्याची हुबेहूब टाकी, म्हणजे बायोटोप, असा दावा मी केला असता तर तुम्ही मला खुशाल फाडून खायला हवं होतं. तो दावा लेखात कुठेच नाही. ही तिन्ही झाडं आपापल्या मुलखात ओढ्याकाठच्या दगडांना धरून वाढतात, चिवट पानांची आहेत आणि कधी पाण्यात, कधी पाण्याबाहेर जगतात. मला त्या जागेला साजेशी झाडं हवी होती. त्यांचा पासपोर्ट मी तपासत बसलो नाही.

सिलेंडरचा मुद्दा मात्र मला मुळातच पटत नाही. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असतो. पण झऱ्याचं पाणी जमिनीतून येतं, आणि मातीत मुळं व जिवाणू श्वसन करत असल्यामुळे ते या वायूने भरून येतं. म्हणून झऱ्यावरच्या ओढ्यात त्याचं प्रमाण हवेच्या समतोलापेक्षा पुष्कळ जास्त सापडतं. टाकीला असा झरा नसतो. सिलेंडर ती उणीव भरून काढतो. छंदातले लोक 20 ते 30 मिलिग्रॅमपर्यंत नेतात. मी तेवढा नेत नाही. ड्रॉप चेकर (पाण्यातला हा वायू रंगाने दाखवणारी छोटी काचेची कुपी) निळसर हिरवा, म्हणजे वायू जरा कमीच दाखवणारा, राहिला तरी मला चालतो, कारण रोटाला सोडली तर माझी बाकीची झाडं सिलेंडरशिवायही वाढली असती. शिवाय वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग सतत हलत असल्यामुळे हा वायू उडूनही जातो. ओढ्याची टाकी आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड यांचं फारसं जमत नाही, आणि ही ओढाताण टाळता येत नाही.

राहिले मासे. छळ होतो, पण तो बहुतेक वेळा उलट्या बाजूने. हिलस्ट्रीम लोच धारेतल्या दगडाला पोट चिकटवून राहण्यासाठीच घडलेला मासा आहे. त्याचे पसरट पर खाली दाबून तो चकतीसारखा बसतो. तो ऊबदार, संथ टाकीत सर्रास ठेवला जातो आणि हळूहळू खंगतो. 20 अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना 7.5. हा फरक त्याला भोवतो. माझ्याकडे सेवेलिया जातीचे लोच आहेत, मूळचे मध्य व्हिएतनामच्या वाहत्या पाण्यातले, आणि सोबत व्हाइट क्लाउड माउंटन मिनो या छोट्या माशांचा थवा. पाणी 22 ते 24 अंशांच्या मध्ये ठेवतो. लोच धारेच्या तोंडाशीच असतात, दगडावरचं शेवाळ खरवडत. (तुम्हाला हवं असलेलं शेवाळ टाकीत आहे, पुढची काच तेवढी मी पुसतो.) मिनो बराच वेळ मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात काढतात, खाणं पडलं की धारेत उतरतात आणि परत आडोशाला येतात. धार सगळीकडे सारखी नसली की मासा आपली जागा निवडतो. फायटर, एंजल किंवा लांब शेपट्यांचा गोल्डफिश असा संथ पाण्यातला मासा या टाकीत टाकला असता तर तुमचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं असतं.

दगड ओढ्यातून आणलेले नाहीत. मेफ्लाय, कॅडिसफ्लायसारख्या कीटकांची पिल्लं गोट्याच्या खालच्या अंगाला राहतात आणि काही मासे तिथेच अंडी घालतात. गोटा उचलला की त्यांचं घरच गेलं. बाजारात मिळणारे नदीगोटेही कुठल्यातरी पात्रातूनच उपसलेले असू शकतात, म्हणून मी एका मोडलेल्या टाकीतले दगड आणि लाकूड घेतलं. पाण्यात टाकण्याआधी दगड कोरडे करून प्रत्येकावर व्हिनेगरचे थेंब टाकले. जे फसफसले त्यांत चुना होता, पाण्याचा जडपणा वाढला असता. ते बाजूला ठेवले आहेत. जड पाण्याच्या माशांची टाकी करणार असाल तर कळवा, तुमच्या कामी येतील.