मीटरचा बल्ब गेला म्हणून मीटर बदलायचं नसतं

महिन्याभरापासून आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरून राहिला आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या गाडीच्या मीटरमधला बल्ब उडाला तर बदलत बसू नका, मीटर उघडलं की किलोमीटरचा आकडा जातो, मागची पट्टी फाटते, म्हणून पूर्ण मीटरच नवं घ्या. बल्बच टाकायचा असेल तर सगळीकडे एलईडी टाका, बॅटरी वाचते, नाहीतर जास्त वॉटचा टाका, उजेड वाढतो. काहीच करायचं नसेल तरी हरकत नाही, त्या दिव्यांवाचून गाडी चालते. आणि 15 वर्षं झालेली गाडी तशीही भंगारात जाणार, तिच्यावर खर्च कशाला?

दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात जुन्या गाड्या भरपूर आहेत. मारुती 800 चं उत्पादन 2014 च्या सुरुवातीला थांबलं, तरी आमच्याकडे ती अजून वावरात जाते, बाजाराला जाते, बाळंतिणीला दवाखान्यात नेते. हा मेसेज वाचून कुणी मीटरवर हजारो रुपये घालेल, कुणी इंजिन गमावेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे दिव्यांवाचून गाडी चालते. मीटरमध्ये दोन जातीचे बल्ब असतात. काही बल्ब काटे आणि आकडे दिसावेत म्हणून, आणि काही इशारा देण्यासाठी. पहिले गेले तर रात्री वेग दिसत नाही. आमच्या रस्त्यांवर अंधारात रोही, म्हणजे नीलगाय, अचानक आडवी येते, बैलगाडीला मागे दिवा नसतो, तिथे आपण 40 वर आहोत की 70 वर हे कळणं महत्त्वाचं आहे. पण दुसऱ्या जातीचा बल्ब उडाला, तर नुकसान होईपर्यंत काहीच कळत नाही.

ऑइलचा लाल दिवा घ्या. इंजिनमध्ये ऑइलचा दाब कमी झाला की एक स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. दाब नसताना इंजिन थोडा वेळ चाललं तरी बेअरिंगं खराब होतात. बल्बच उडालेला असेल तर दिवा लागणार कुठून? दिवा लागला नाही म्हणून आपण निवांत गाडी हाकत राहतो. तपासायची रीत सोपी आहे. चाबी ऑन करा, इंजिन चालू करू नका. ऑइलचा आणि बॅटरीचा, दोन्ही लाल दिवे लागले पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. चाबी ऑन करूनही जो लागत नाही, त्याचा बल्ब आधी बघा.

बॅटरीच्या दिव्याची गोष्ट मला महागात पडली. आमच्या घरच्या जुन्या गाडीची बॅटरी सारखी उतरायची. दोन बॅटऱ्या बदलल्या. मग एका वायरिंगवाल्याने अल्टरनेटर, म्हणजे आपण ज्याला डायनामो म्हणतो तो, नवा टाकायला सांगितला. दिवाळीच्या आधी एका रात्री बाबांना छातीत दुखायला लागलं म्हणून यवतमाळला निघालो. अर्ध्या वाटेत बाबाच म्हणाले, "काऊन रे, दिवे मंद होऊन राहिले?" पुढच्या गावी गाडी बंद पडली. दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून दवाखाना गाठला. बाबा वाचले. आठवड्याने एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मीटर काढलं आणि काळवंडलेला एक छोटा बल्ब माझ्या हातावर ठेवला. नवा 3 वॉटचा टाकला, त्या दिवसापासून चार्जिंग नीट आहे.

कारण असं. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला वीज तयार करायला सुरुवातीचा थोडा करंट लागतो, आणि तो बॅटरीतून याच बल्बमधून जातो. 12 व्होल्टवर 3 वॉटचा बल्ब म्हणजे पाव अँपिअर. बल्ब उडाला की ती वाट बंद. मग अल्टरनेटर कधी जोरात रेस दिल्यावर जागा होतो, कधी होतच नाही, आणि गाडी निव्वळ बॅटरीवर धावते. काही गाड्यांत बल्बच्या बाजूने रेझिस्टर, म्हणजे करंटला दुसरी वाट देणारा छोटा भाग, दिलेला असतो, त्यांना हा त्रास होत नाही. आपल्या गाडीत तो आहे की नाही हे कुणी बघून ठेवलेलं नसतं, म्हणून हा बल्ब उडालेला ठेवूच नका.

यातच एलईडीचं उत्तर आलं. साधा एलईडी बल्ब फार थोडा करंट घेतो. बॅटरीच्या दिव्याच्या जागी तो टाकला तर दिसायला लागतो, पण अल्टरनेटर जागा करायला कमी पडतो. तिथे फिलामेंटचाच बल्ब हवा. दुसरी अडचण इंडिकेटरची. काही जुन्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही इंडिकेटरसाठी एकच बल्ब असतो, आणि त्यातून वीज कधी या बाजूने, कधी त्या बाजूने जाते. फिलामेंटला दोन्ही सारखंच. साधा एलईडी मात्र एकाच दिशेने लागतो, म्हणजे उजवीकडे वळताना दिसेल, डावीकडे नाही. काट्यांच्या उजेडासाठी एलईडी टाकायला माझा विरोध नाही. लागला नाही तर अर्धा फिरवून उलटा बसवायचा. पण उजेड एका जागी ठिपक्यासारखा पडतो आणि मंद करायचा नॉब नीट चालत नाही, हे माहीत असू द्या. बॅटरी वाचण्याचं म्हणाल, तर रात्री इंजिन चालू असताना या दोन-चार बल्बांचा भार हेडलाईटपुढे नगण्य आहे.

जास्त वॉटचा सल्ला तर सरळ प्लॅस्टिक वितळवणारा आहे. खाचेत दाबून बसणारा काचेचा बल्ब 3 वॉटचाही मिळतो आणि 5 वॉटचाही, दोन्ही एकाच होल्डरमध्ये बसतात, त्यामुळे फसायला होतं. फिलामेंटच्या बल्बात बहुतेक विजेची उष्णताच होते. 3 च्या जागी 5 म्हणजे दीडपटीहून जास्त उष्णता, तीही बंद डब्यात, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं डॅशबोर्ड आधीच हात लावू देत नाही. होल्डर वितळतो, मीटरचे आकडे पिवळे पडतात. जुन्या बल्बवर किंवा होल्डरवर जो आकडा आहे, तोच घ्या. छोट्या जागी बहुधा 1.2 वॉटचा असतो.

किलोमीटर जाण्याची भीती निराधार आहे. केबलवर चालणाऱ्या मीटरमध्ये आकड्यांची चाकं दातांनी फिरतात, गाडी चालल्याशिवाय ती हलत नाहीत. डिजिटल आकडा बॅटरी काढल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत असतो.

15 वर्षांचं म्हणाल, तर खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि फिटनेस पाहून पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. वयावरून बंदीचा तो निर्णय दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी झाला होता. आपल्या गावाला तो लावू नका.

राहिलं पूर्ण मीटर बदलणं. दहा-वीस रुपयांच्या बल्बसाठी ते करायची गरज नाही. आधी बघा की एकच दिवा गेला आहे की सगळा उजेड. सगळा एकदम गेला असेल तर बल्ब सोडून फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत मीटरचा उजेड आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात, म्हणजे तुमची गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसतच नसेल. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा टाका. तांब्याची तार गुंडाळून ठेवणारे मी पाहिले आहेत. त्याने वायरिंग जळते.

एकच बल्ब असेल तर सकाळी सावलीत काम करा, तापलेलं जुनं प्लॅस्टिक लवकर तुटतं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. मीटरवरच्या झाकणाचे स्क्रू पेचकसने काढा, मीटर थोडं पुढे ओढा, मागे हात घालून वेगाच्या काट्याच्या केबलची क्लिप दाबून ती सोडवा, मग वायरचे सॉकेट काढा. पट्टी फाटते असं मेसेजमध्ये येतं त्यात तथ्य आहे: मागे तांब्याच्या रेघांची पातळ पट्टी असते, ती ओढाताण केल्यास फाटते. होल्डर पाव फेरा डावीकडे फिरवला की अलगद बाहेर येतो, बल्ब सरळ ओढायचा. कधी बल्ब चांगला असतो आणि होल्डरचा तांब्याचा भाग काळा पडलेला असतो. तो खोडरबरने हलक्या हाताने घासा. उजेडाचे सगळे बल्ब एकाच वयाचे असतात, एक गेला की बाकीचेही त्याच वेळी बदलून टाका.

झाकण लावण्याआधी सॉकेट जोडून, बॅटरी लावून, चाबी ऑन करून एकेक दिवा बघा, इंडिकेटर दोन्ही बाजूंनी. मग स्क्रू आवळा आणि गाडी गल्लीच्या टोकापर्यंत न्या. वेगाचा काटा हलला नाही, तर केबलची क्लिप बसलेली नाही, पुन्हा उघडून ती आवाज येईपर्यंत दाबा.